गटाची वेबसाइट: बांधायची कशावर आणि चावी कुणाकडे?



गेल्या दोन महिन्यांत चार गटांकडून मला एकच प्रश्न आला. "ताई, आम्हाला वेबसाइट काढायचीय. एक जण म्हणतो वर्डप्रेसवर करा, दुसरा म्हणतो विक्सवर करा, तिसरा सांगतो शॉपिफाय घ्या. आम्ही यातलं काय समजायचं?" प्रश्न रास्त आहे. पैसा गटाचा असतो, शंभर-शंभर रुपयांच्या बचतीतून आलेला असतो. शिलाई मशीन घेताना आपण तीन दुकानं फिरतो, पाय मारून बघतो, सुटे भाग कुठं मिळतील ते विचारतो. वेबसाइट घेतानाही तसंच करायचं असतं. ती हाताला लागत नाही, एवढाच फरक. म्हणून आज ही नावं काय आहेत, त्यांत फरक काय आणि आपल्या गटाला काय लागू पडेल, हे सावकाश बघू.

सुरुवातीला एक गोष्ट. वेबसाइट प्रत्येक गटाला लागतेच असं नाही. तुमचा गट पाच-सहा वस्तू करतो, गिऱ्हाईक तालुक्यातलंच आहे आणि माल फोनवरच ठरतो, तर व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं. ते फुकट आहे. त्यात वस्तूंची यादी फोटो आणि भावासकट लावता येते, पाचशे वस्तूंपर्यंत. त्याच्या जोडीला गुगलच्या नकाशावर आपल्या केंद्राची नोंद करून घ्या. तीही फुकट होते आणि कुणी "पापड" म्हणून शोधलं तर आपलं नाव नकाशावर दिसण्याची शक्यता वाढते. वेबसाइट लागते ती केव्हा? बाहेरगावचं, अनोळखी गिऱ्हाईक येऊ लागतं तेव्हा. दुकानदार किंवा कंपनी माल घेण्याआधी "तुम्ही कोण, किती जणी, किती माल देऊ शकता" हे विचारू लागते तेव्हा. किंवा प्रभागसंघाच्या वीस-तीस गटांचा माल एका ठिकाणी दाखवायचा असतो तेव्हा.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

वेबसाइट म्हणजे एकच वस्तू नसते, त्यात तीन गोष्टी असतात आणि तिन्हींचे पैसे वेगळे असतात. पहिली गोष्ट म्हणजे नाव, त्याला डोमेन म्हणतात. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असतं, ते. हे नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर नोंदवावं लागतं आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असंही नाव घेता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे जागा, तिला होस्टिंग म्हणतात. आपले फोटो आणि मजकूर ज्या संगणकावर ठेवला जातो, त्याचं भाडं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या जागेवर मजकूर लावायची, बदलायची व्यवस्था. तिला म्हणतात कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात सीएमएस. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल, विक्स ही सगळी नावं या तिसऱ्या गोष्टीची आहेत.

सीएमएसचं काम काय ते असं समजा. पूर्वीची वेबसाइट छापील पत्रकासारखी असायची. पापडाचा भाव वीस रुपयांनी वाढला की पुन्हा छापखान्यात जायचं, म्हणजे ज्यानं वेबसाइट केली त्याला फोन करायचा, तो सवडीनं बदलणार आणि त्याचे पैसे घेणार. सीएमएस असलेली वेबसाइट ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखी असते. आपलं नाव आणि पासवर्ड घालून आत जायचं, जुना भाव पुसायचा, नवा लिहायचा, बटण दाबायचं, झालं. संगणकाची भाषा यावी लागत नाही. जिला व्हॉट्सॲपवर फोटो टाकता येतो आणि दोन ओळी लिहिता येतात, ती थोड्या सरावानं हे करू शकते.

बाजारात काय काय आहे

मी याचे तीन भाग करते. पहिल्या भागात फुकट मिळणारी, आपल्या जागेवर बसवायची व्यवस्था येते. दुसऱ्या भागात सगळं एकत्र भाड्यानं मिळतं. तिसऱ्या भागात अगदी साधी, फुकट पानं.

पहिल्या भागात तीन मोठी नावं आहेत आणि तिन्ही मुक्त पद्धतीची आहेत. मुक्त म्हणजे ती कुणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नाहीत. कुणीही घ्यावी, वापरावी, त्यात बदल करावा, त्यासाठी परवान्याचे पैसे नाहीत.

वर्डप्रेस २००३ मध्ये सुरू झालं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते सुरू केलं. तेव्हा ते रोजनिशीसारखं लिहिण्यापुरतं होतं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींमधल्या चार आणि त्याहून थोड्या जास्त वर्डप्रेसवर आहेत. याचा आपल्याला फायदा असा की ते जाणणारी माणसं तालुक्याच्या गावीही मिळतात. एकानं काम सोडलं तर दुसरा सापडतो. मराठीतून वापरायची सोय आहे. दुकान लावायचं तर वूकॉमर्स नावाची जोड त्याला फुकट बसवता येते. अशा जोडांना प्लगइन म्हणतात.

जूमला २००५ मध्ये आलं. या नावाची गंमत सांगते. ते आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतल्या 'जुमला' या शब्दावरून घेतलंय, अर्थ 'सगळे मिळून'. आपल्या जुन्या हिशेबातही जुमला म्हणजे एकूण बेरीजच. दोन-तीन भाषांत वेबसाइट चालवायची सोय जूमलात मुळातच असते, वर्डप्रेसला त्यासाठी वेगळी जोड लावावी लागते. पण जूमला शिकायला थोडं जड जातं आणि जाणकार कमी मिळतात.

ड्रुपल बेल्जियममधल्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्यानं तयार केलं आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्याला आपल्या वेबसाइटचं नाव डच भाषेतलं 'डॉर्प', म्हणजे गाव, असं ठेवायचं होतं. लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली आणि 'ड्रॉप', म्हणजे थेंब, झालं. पुढं त्या थेंबावरूनच ड्रुपल हे नाव पडलं. नाव गावावरून निघालं असलं तरी ही व्यवस्था मोठ्या संस्थांची. विद्यापीठं, सरकारी खाती, जिथं हजारो पानं असतात आणि दहा विभागांच्या माणसांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असतात, तिथं ती उत्तम चालते. पण तिला जाणकार माणूस कायम लागतो. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीची देखभाल ५ जानेवारी २०२५ ला बंद झाली. त्या आवृत्तीवरच्या वेबसाइटींना नव्या आवृत्तीवर जाण्यासाठी जवळजवळ नव्यानं बांधणी करावी लागते. मोठी संस्था ते करू शकते. पापड-मसाल्याच्या केंद्राला तो खर्च पेलणार नाही.

दुसऱ्या भागात विक्स आणि शॉपिफाय येतात. विक्स ही इस्रायलमधली कंपनी, शॉपिफाय कॅनडातली. इथं जागा, व्यवस्था, सुरक्षितता, सगळं कंपनी बघते आणि आपण महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं देतो. बसवायची कटकट नाही. विक्सवर बोटानं ओढून फोटो इकडचा तिकडे ठेवता येतो, त्यामुळे शिकायला सोपं. फुकट योजनाही आहे, पण तिच्यात विक्सची जाहिरात दिसते आणि आपलं स्वतःचं नाव लावता येत नाही. शॉपिफाय खास दुकानासाठी आहे. माल किती शिल्लक, ऑर्डर कुठवर पोचली, हे सगळं नीट दिसतं. पण भाडं थांबलं की दुकान बंद. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. विक्सवर केलेली वेबसाइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सोडायचं ठरवलं तर नव्या ठिकाणी पहिल्यापासून बांधावी लागते. वर्डप्रेसची वेबसाइट मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जशीच्या तशी हलवता येते.

तिसऱ्या भागात गुगल साइट्स आणि ब्लॉगर. दोन्ही गुगलची, दोन्ही फुकट, आपल्या जीमेल खात्यातून चालतात. चार पानं, फोटो, फोन नंबर, नकाशा एवढं असेल तर एका दुपारी तयार होतं. दुकान, हिशेब, पैसे भरणं यांची सोय त्यात नाही.

इथं एका घोळापासून सावध करते. वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' वरून मिळतं ते फुकट, आपल्या जागेवर बसवायचं. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही कंपनीची भाड्याची सेवा आहे. तिथल्या फुकट योजनेत जाहिराती दिसतात आणि स्वतःचं नाव लावायचं तर पैसे भरावे लागतात. कुणी "वर्डप्रेसवर करून देतो" म्हणालं की "कोणतं?" असं जरूर विचारा.

कसं निवडायचं

आता निवडीकडे येऊ. "सगळ्यांत चांगलं कोणतं?" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर नाही. "आमच्या गटातली कोण, किती वेळ देऊन, काय करणार?" असा विचारा. तीन उदाहरणं घेऊ.

समजा, बारा जणींचा गट आहे, कुरडया, शेवया, पापड करतो, माल आठवडी बाजारात आणि तालुक्यात खपतो. यांना व्हॉट्सॲप बिझनेस आणि गुगलच्या नकाशावरची नोंद पुरेशी आहे. ओळख सांगायला एखादं पान हवं असेल तर गुगल साइट्स. खर्च शून्य.

समजा, प्रभागसंघ आहे, तीस गटांचा चाळीस प्रकारचा माल आहे, पुण्या-मुंबईहून विचारणा येते, गटांची माहितीही मांडायची आहे, मराठीत आणि इंग्रजीत. यांना वर्डप्रेस बरं पडेल, वूकॉमर्सची जोड लावून. इथं वर्षाचा खर्च आधीच मांडा. उदाहरण म्हणून आकडे धरते: नावाचे ८०० रुपये, जागेचे ४,०००, वर्षभराच्या देखभालीचे ३,०००. एकूण ७,८००. तीस गटांत वाटले तर गटामागे २६० रुपये. एवढी वर्गणी दर वर्षी द्यायला गट तयार आहेत का, हे बैठकीत विचारा. एकदाच्या खर्चाला सगळ्या हो म्हणतात, अडतं ते दुसऱ्या वर्षी.

समजा, गोधड्यांचं युनिट आहे, देशभरातून रोज ऑर्डर येतात, कुरिअर रोज जातं आणि एक जण पूर्ण वेळ हेच काम बघते. यांनी शॉपिफायचा विचार करायला हरकत नाही. पण हिशेब असा करा. भाडं महिन्याला २,००० रुपये धरलं आणि विक्रीवर शंभराला वीस रुपये सुटत असतील, तर फक्त भाडं निघायला महिन्याला १०,००० रुपयांची विक्री व्हायला हवी. त्याच्या वरची विक्री खरी तुमची. शिवाय कार्डानं किंवा ऑनलाइन पैसे घेतले की पैसे वळते करणारी कंपनी साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापते. हे वर्डप्रेसवरही लागतं. सुरुवातीला गटाच्या बँक खात्याचा यूपीआयचा क्यूआर कोड लावून, ऑर्डर फोनवर पक्की करूनही काम भागतं.

ठरवण्याआधी तासाभराची परीक्षा घ्या. विक्स, गुगल साइट्स, वर्डप्रेस डॉट कॉम यांची फुकट खाती काढता येतात, शॉपिफायही काही दिवस वापरून बघता येतं. पुढं हे काम करणार असलेल्या दोघींना बसवा. त्यांना चार कामं द्या: एका वस्तूचा भाव बदलणं, एक फोटो लावणं, मराठीत चार ओळी लिहिणं आणि हे सगळं मोबाइलवरून करणं. आपल्याकडे संगणक एक आणि मोबाइल सगळ्यांकडे, म्हणून मोबाइलवरची परीक्षा महत्त्वाची. जिथं त्या दोघी कमी अडखळल्या, ती व्यवस्था तुमची. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

मराठीबद्दल एक सूचना. मजकूर युनिकोडमध्येच लिहा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहितो ते युनिकोडच असतं. पत्रकं छापताना वापरतात त्या जुन्या फॉन्टमधला, म्हणजे कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमधला मजकूर तसाच वेबसाइटवर टाकला तर लोकांना भलतीच अक्षरं दिसतात आणि गुगलवर शोधूनही तो सापडत नाही. फोटोही थेट मोबाइलमधले मोठे टाकू नका, आकार कमी करून टाका. गावाकडच्या नेटवर्कवर जड पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

चावी कुणाकडे?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. व्यवस्था कोणतीही निवडा, मालकी गटाची हवी. आमच्या तालुक्यातल्या एका ग्रामसंघाचं सांगते, नाव घेत नाही. त्यांनी ओळखीतल्या एका मुलाकडून वर्डप्रेसवर वेबसाइट करून घेतली. काम छान केलं होतं त्यानं. पण डोमेनची नोंद त्यानं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर केली. पुढं तो नोकरीला शहरात गेला, नंबर बदलला. वर्ष संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. इकडे कुणाला पत्ता नाही. वेबसाइट बंद पडली आणि काही दिवसांनी ते नाव दुसऱ्याच कुणी घेतलं. मसाल्याच्या चार हजार पाकिटांवर तेच नाव छापलेलं होतं. बायकांनी दोन रात्री बसून एकेका पाकिटावर कोरी चिकटपट्टी लावली. दिवाळीच्या तोंडावर. त्या मुलाच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि घर आपलं, असं चालत नाही.

म्हणून काम देण्याआधी संस्थेच्या नावानं एक नवा ईमेल काढा. डोमेन, होस्टिंग आणि वेबसाइट, तिन्हींची खाती त्याच ईमेलवर, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या फोन नंबरवर काढायला सांगा. पैसे संस्थेच्या खात्यातून भरा आणि पावती संस्थेच्या नावाची घ्या. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, कॅशबॉक्समध्ये किंवा कपाटात ठेवा. वेबसाइट चालवणाऱ्या दोघी असाव्यात. एकीचं लग्न होतं, एकीचं बाळंतपण येतं, काम थांबता कामा नये. पदाधिकारी बदलले की रोकड आणि वह्यांबरोबर हे पाकीटही नव्या बायकांच्या ताब्यात द्या, त्याची इतिवृत्तात नोंद करा आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक महिना आधीच्या पानावर लिहा.

वर्डप्रेस किंवा जूमला घेतलं तर देखभाल आपल्या माथी असते, हे विसरू नका. महिन्यातून एकदा आत जाऊन नव्या सुधारणा लावायच्या, त्याला अपडेट म्हणतात. जुनी आवृत्ती तशीच ठेवणं म्हणजे कडी मोडलेलं दार तसंच ठेवणं. प्लगइन मोजकेच बसवा. आणि विकतचा प्लगइन कुणी "फुकट मिळवून देतो" म्हणालं तर नको म्हणा. अशा चोरीच्या प्रतींमध्ये पुष्कळदा घातक भाग लपवलेला असतो, मग आपल्या वेबसाइटवरून भलत्याच जाहिराती दिसू लागतात. महिन्याला एक पूर्ण प्रत, म्हणजे बॅकअप, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

आता वेबसाइट करून देणाऱ्याला विचारायचे प्रश्न सांगते. वही-पेन घ्या. एक, कोणत्या व्यवस्थेवर करणार आणि तीच का? दोन, नाव कुणाच्या नावावर नोंदवणार? तीन, पहिल्या वर्षी किती आणि दुसऱ्या वर्षीपासून किती? हा प्रश्न सोडू नका, पहिल्या वर्षी सवलत असते आणि दुसऱ्या वर्षी रक्कम वाढते. चार, आमच्या दोघींना किती दिवस शिकवणार? पाच, बिघाड झाला तर किती दिवसांत बघणार आणि त्याचे किती घेणार? सहा, उद्या आम्ही दुसऱ्याकडे गेलो तर सगळा मजकूर, फोटो आणि गिऱ्हाइकांची यादी कशी देणार? सातवा प्रश्न म्हणजे आधी केलेली एखादी वेबसाइट दाखवा, आम्ही त्या माणसांना फोन करून विचारतो. उत्तरं लेखी घ्या. अर्धे पैसे सुरुवातीला आणि बाकीचे सगळ्या चाव्या हातात आल्यावर द्या.

तुमच्या बाजूनंही तयारी लागते. गटाची चार वाक्यांत ओळख, प्रत्येक वस्तूचं नाव, वजन, भाव, टिकण्याची मुदत, उजेडात काढलेला एक स्वच्छ फोटो आणि खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक. एवढं वहीत तयार नसेल तर कोणतीही व्यवस्था घेतली तरी पान कोरंच राहणार. आणि ऑर्डरचा फोन कोण उचलणार, तेही ठरवा. दोनदा फोन उचलला नाही की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा करत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हा विषय घ्या. आधी वेबसाइट हवी की नाही ते ठरवा. हवी असेल तर सांभाळणाऱ्या दोघींची नावं ठरवा, त्यांची तासाभराची परीक्षा घ्या, वर्षाची वर्गणी मंजूर करा, आणि मग कोणत्या व्यवस्थेवर करायची त्याचा ठराव लिहा. कामाचा क्रम हाच ठेवा. आपल्या माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोचं भाडं जितक्या बारकाईनं आपण ठरवतो, तितकंच हे ठरवलं तर फसायचं कारण नाही.

शंका असतील तर लिहून ठेवा आणि प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या, तिथं मिळून सोडवू. नमस्कार.